तुरटी फिरवलेलं पाणी

मॅडम, परवा नातीने चिंचोके आणायला सांगितले, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. ती आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमरावतीतच, पण आपल्या कॉलेजात नाही, दुसऱ्या. दाराशी चपला काढता काढता म्हणाली, "आबा, पावशेर चिंचोके पाह्यजेत मले. किडके नको. अन् भाजू नका बरं, तुमाले सवय हाये." कशाला म्हणून विचारलं, तर चिंचोक्याच्या खळीची पातळ पट्टी करायची आहे, जखमेवर लावायची, तिच्यातून औषध हळूहळू सुटेल अशी. मी होतो तिथेच खुर्चीत बसलो. मग तिने पिशवीतून एक झेरॉक्स काढली. तुमचा लेख, मॅडम. तिच्या सरांनी कुठूनतरी शोधून दिला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभाराची ओळ आहे, ती तिने मला इंग्रजीची मराठी करून वाचून दाखवली: प्रयोगशाळेतल्या ज्या सहकाऱ्याने आपली चूक प्रामाणिकपणे सांगितली, त्याचे आभार. पुढे माझं नाव. "सोमवारी सगळ्यांपुढं मांडाचं हाये मले, आबा. पह्यल्या पानावर हेच टाकलं मी. माह्या आबाची गोष्ट."

मी ती झेरॉक्स उलटी करून ठेवली. कारण ती चूक मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती.

म्हणून ही वही काढली. तुम्ही मला दिलेली, जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली. इतकी वर्षं ती ट्रंकेत कोरी होती. तुम्ही म्हणाल, एवढी चांगली वही कोरी का ठेवली? खरं सांगायचं तर तिच्या पहिल्या पानावर काय लिहावं लागेल ते मला माहीत होतं. आता लिहितो. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून नळ बंद आहे का ते बघून आलो. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच म्हणायच्या की भाऊ कुलूप लावतात, मग कुलूप ओढतात, मग अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पुन्हा ओढतात.

मी सातवी नापास माणूस. बाळापूरच्या विणकराच्या घरातला. माग बंद पडले, धंदा गेला, आणि मी अमरावतीला येऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो, तोही हंगामी. तुम्ही आलात तेव्हा बाटल्यांवर सगळी इंग्रजी नावं होती. मी बाटल्या रंगावरून आणि जागेवरून ओळखायचो. कोणी जागा बदलली की मी अडकायचो. एकदा तुम्ही एक बाटली मागितली आणि मी दुसरीच आणून दिली. तुम्ही स्वतः उठून ती बदलून आणलीत. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर प्रत्येक बाटलीवर, डब्यावर, कॅनवर इंग्रजीखाली मराठीत चिठ्ठी चिकटवलेली. तुमचं ते गोल, सुटं अक्षर. आम्ल. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडा. हात लावू नका. आणि वीस लिटरच्या पांढऱ्या कॅनवर: शुद्ध पाणी.

डिस्टिल्ड वॉटर हा शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता, म्हणून तुम्ही तो सोपा करून लिहिलात. पुढचं सगळं त्या दोन शब्दांतून झालं. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या चुकीत माझ्या अडाणीपणाइतकीच तुमची माया होती. हे मी माझा दोष कमी करायला लिहीत नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात पेपर उघडायची भीती वाटायची. आपल्या वर्गातली मुलं दिवाळीला गावी जायची, त्यातली एकदोन परत यायची नाहीत. कोणी विचारलंच तर नुसतं "घरी अडचण" म्हणायची. तुम्ही स्वतः चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याच्या लेक. एरवी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की गावची बोली तोंडात यायची. तुमच्या टेबलावर तेव्हा चिंचोक्यांचा ढीग असायचा आणि बाकीचे प्राध्यापक हसायचे. तुम्ही मला सांगितलं होतं, "भाऊ, प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर चिंच आहे. चिंच विकतात, चिंचोका उकिरड्यावर जातो. त्याला काही किंमत आली, तर झाडं तोडणार नाहीत लोक." मी म्हणालो, मॅडम, आमच्या घरी याची खळ करायचे, सुताला लावायला. तुम्ही हातातलं काम ठेवलंत आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. "सांगा. कशी करायचे?"

मग मी सांगितलं. आई चुलीवर कढईत चिंचोके भाजते. तांबडं टरफल तडकतं, ते पाखडून काढते. आतला पांढरा गर जात्यावर दळते. त्याआधी पाणी. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं यायचं. आई रांजणात हात घालून तुरटीचा खडा सात वेळा फिरवायची, मग कोणाला रांजणाला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळपर्यंत गाळ खाली बसायचा. वरचं पाणी फडक्याने गाळून घ्यायची आणि म्हणायची, "आता पाणी शुद्ध झालं." त्याशिवाय खळीला हात लावायची नाही. हे शेवटचं मी तुम्हाला तेव्हा सांगितलं की नाही, आठवत नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्हाला काय करायचं होतं ते मला नातीपेक्षा चांगलं समजलं होतं, असं मी आजही म्हणेन, कारण तुम्ही ते माझ्या बायकोवरून समजावलं होतंत. तिला साखरेचा आजार. दिवसातून तीन गोळ्या. ती निंदायला वावरात जायची. सकाळची गोळी घ्यायची, दुपारची कधीच नाही. तुम्ही एकदा तिला रागावलात, तर ती तुम्हालाच म्हणाली, "बाई, वावरात पाणी कुठं, अन् गोळी कुठं? हातात विळा असते माह्या." तुम्ही घरी जाऊन विचार केला असणार. दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "वहिनींनी सकाळी एकच घ्यावी आणि ती दिवसभर पुरावी, अशी गोळी पाहिजे." औषध खळीत गुंडाळायचं. पण साधी खळ पाण्यात लगेच सैल होते, सगळं औषध एकदम सोडते. म्हणून खळीला बदलायचं. तुम्ही हाताची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं होतं. खळ म्हणजे लांबच लांब साखळी. सोडा आणि ते नाकाला झोंबणारं आम्ल घालून तिला जागोजागी नवे हात बसवायचे. मग ती खळ सुईतून थेंब थेंब एका क्षाराच्या पाण्यात सोडायची. क्षारातल्या चुन्याने ते हात एकमेकांत धरले, की थेंबाचा घट्ट मणी होतो. मण्याच्या आत औषध.

कागदावर सगळं बरोबर होतं. मणी मात्र होत नव्हते. थेंब पाण्यात पडायचा, थोडा गोल राहायचा आणि पसरायचा. दोन महिने रोज मी ते चिकट भांडं घासत होतो.

त्या दिवशीची गोष्ट. भारनियमन होतं, सलग तीन दिवस कॉलेजच्या वेळेत वीज नाही, म्हणून शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. कॅन रिकामा. तुम्ही जाता जाता म्हणालात, "भाऊ, उद्या सकाळी मला शुद्ध पाणी लागेल हं." माझ्या डोक्यात एकच, मॅडमना पाणी लागेल आणि पाणी नाही. हंगामी माणूस, कायम करायचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. नळाला पाणी आलं ते गढूळ. मी बादली भरली, न्हाव्याकडून तुरटीचा मोठा खडा आणला, सात वेळा फिरवला, आणि पाणी जास्त चांगलं व्हावं म्हणून खडा त्यातच राहू दिला. सकाळी नव्या पांढऱ्या फडक्याने दोनदा गाळून कॅन भरला. मी खोटं काही केलं नव्हतं, मॅडम. माझ्या आईच्या हिशोबाने त्याहून शुद्ध पाणी नव्हतं.

तुम्ही त्यात क्षार घातलात तर पाणी जरा धुरकट झालं. तुम्ही भांडं उजेडात धरलंत. "भाऊ, पाणी शुद्ध होतं ना?" "एकदम शुद्ध, मॅडम." तुम्ही सुईतून पहिला थेंब सोडला. तो पसरला नाही. दुसरा नाही. तळाशी साबुदाण्यासारखे मणी जमायला लागले, तुम्ही गाळणीत घेतलेत, बोटाने दाबलेत, फुटले नाहीत. तुम्ही मला हाक मारलीत. "भाऊ! इकडं या. सगळं ठेवा अन् आधी या!" वर्गातल्या मुलांच्याही आधी. मी ओल्या हाताने आलो. तुम्ही एक मणी माझ्या तळहातावर ठेवलात.

पुढच्या आठवड्यात वीज होती, यंत्राचं पाणी होतं, आणि थेंब पुन्हा पसरले. तुम्ही सुई बदलली, खळ नवी केली, जेवला नाहीत. मी बाटल्या धूत होतो आणि एकाएकी माझे हात थांबले. तुरटी. दुसरं काही वेगळं नव्हतंच. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेव्हाच कारकून येऊन सांगून गेला की माझ्या कागदावर सही व्हायची आहे, आणि मी तोंड मिटलं.

आता ती अर्धी राहिलेली गोष्ट. त्यानंतर कॅनमध्ये तुरटी मी घातली. मुद्दाम. एकदा नाही, तीनदा. तुम्ही नसताना खडा फडक्यात बांधून कॅनमध्ये सोडायचो आणि तुम्ही यायच्या आत काढून घ्यायचो. तिन्ही वेळा मणी झाले. तुम्ही खूश. तुम्ही लिहून ठेवलंत की पाचापैकी चार वेळा जमलं, एकदा सुई खराब होती.

आणि मग अकोला. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत तुम्हाला बोलावलं होतं, करून दाखवायला. मी डबा धरून बरोबर आलो. सबंध रस्ताभर मी खिसे चाचपत होतो, कारण खडा मी घरी विसरलो होतो. विसरलो नसतो तर काय केलं असतं, हे मी स्वतःलाही विचारत नाही. पाणी तिथलं, काचेच्या बाटलीतलं. चार मोठी माणसं गोल करून उभी. तुम्ही थेंब सोडला. पसरला. दुसरा सोडला. पसरला. दहा झाले. एक जाड भिंगाचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ही तर नुसती खळ आहे. साड्यांना लावा, कडक होतील." सगळे हसले. तुम्हीही थोडं हसलात, आणि सुई पुसून डब्यात ठेवलीत.  मी डब्याचं झाकण लावलं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडे. रस्त्याच्या कडेला कापलेल्या चिंचेची खोडं पडलेली दिसत होती. तुम्ही ती मोजत होता की काय, कोण जाणे. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली, मी दोन चहा आणले, आणि ग्लास तुमच्या हातात देता देता म्हणालो, "मॅडम, पाण्यात तुरटी होती."

"काय?"

"वीज नव्हती त्या टायमाले. मी नळाच्या पाण्यात तुरटी फिरवली. आमच्यात त्याले शुद्धच म्हणतात."

तुम्ही माझ्याकडे इतका वेळ पाहिलंत की चहावर साय आली. मग एकदम गावची बोली. "अन् इतके दिवस काहून नाही बोलले? तोंडात तुरटी धरून बसले होते काय?" शेजारच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. तुम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाहीत. "तुरटी! भाऊ, तुरटीत अॅल्युमिनियम असते! चुन्याले दोन हात, याले तीन! दोन हातांनी धरवत नव्हतं त्या खळीले, तिसरा पाह्यजे होता!" तुम्ही हसत होता आणि डोळे पुसत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

बसमध्ये बसल्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, "पण नंतर तीनदा जमलं, ते कसं?" मी म्हणालो, कॅन नीट धुतला नसेल, मॅडम, जुनंच पाणी तळाशी राहिलं असेल. तुम्ही मान हलवलीत. "हो. तसंच असेल." तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. आज वाटतं, कदाचित ठेवला नसेलही, पण मला तेवढी जागा राहू दिलीत. हे आता कोण सांगणार.

पुढच्या सोमवारी तुम्ही मला ही वही दिलीत. रागावलातही, आणि ते रागावणं मला पाठ आहे. "भाऊ, जे करायला पाहिजे होतं ते लिहू नका. जे केलं ते लिहा. पाणी कुठलं, कोणी भरलं, त्यात काय टाकलं. चुकीचं असलं तरी. लिहिलेली चूक उपयोगी पडते." मग तुरटी मोजून घेतली, यंत्राच्या पाण्यात विरघळवली, चुन्याचा क्षार काढूनच टाकला. मणी झाले. पुढच्या महिन्यात मण्यांमधलं औषध काचेच्या भांड्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं सुटत राहिलं. तुम्ही दर तासाला नमुना काढायच्या आणि मी घड्याळ बघायचो. मी कायम झालो. लेख छापून आला. त्यापुढे ती गोळी गेली नाही. तुम्ही म्हणालात, अजून खूप परीक्षा बाकी आहेत तिच्या. त्या व्हायच्या आत तुम्ही देवाघरी गेलात. बायको तुम्हाला अजूनही "गोळीवाल्या बाई" म्हणते. आता ती दिवसाला एकच गोळी घेते, डॉक्टरांनी दिलेली, कुठल्यातरी मोठ्या कंपनीची. आतलं काय आपलं नाही, मला माहीत आहे. तरी रोज सकाळी ती पाकीट फोडते तेव्हा मी बघत राहतो.

आज सकाळी नातीला सांगितलं. स्वयंपाकघरात ती चिंचोके धुऊन उकळायला ठेवत होती. मी म्हणालो, सोमवारी ते पहिलं पान काढ, बाई. तुझा आबा प्रामाणिक नव्हता. आणि सगळं सांगितलं, तीन वेळा खडा सोडला तेही. मला वाटलं, आता हिच्या नजरेतून उतरलो. ती हात ओले तसेच ठेवून उभी राहिली.

"म्हणजे आबा, एक खेप चुकून झालं. मंग तुमी तीन खेपा तुरटी टाकून पाह्यली, अन् तिन्ही खेपा मणी झाले. अन् तुरटी नव्हती तवा नाही झाले."

"हो."

"मंग तो प्रयोग झाला ना! पह्यली चूक होती, बाकीच्या तीनले प्रयोगच म्हणतात." मग बोट माझ्यावर रोखलं. "पण लिवलं नाही, ते लय वाईट केलं तुमी. मॅडम किती हिंडल्या असतील उगाच. अकोल्यात लोक हसले ना त्याईले." मी म्हटलं, हसले. "मंग हे मी सोमवारी पूर्ण सांगीन. चार खेपा. तुरटीसकट. चालन?" मी हो म्हणालो. तिची आई मागून ओरडली, "अवो, चिंचोके उतू चालले!" आणि बोलणं तिथेच संपलं. दुपारी मी पोटभर जेवलो.

ही वही कुठे पाठवता यायची नाही. नात म्हणते, तिच्या प्रयोगाच्या नोंदी हिच्यातच पुढे लिहील, पानांवर आकडे आहेत ते बरं आहे. लिहू दे. माझी चार पानं आधी राहतील.

एकच राहिलं. ती म्हणाली, तुमी काहून टाकली तुरटी, नोकरीच्या धाकानं? मी हो म्हणालो. गप्प बसलो ते धाकानंच. पण टाकली ती धाकाने नाही. मॅडम, बाळापुरात, मागावर, कॉलेजात, मला आयुष्यात सगळ्यांनी काहीतरी आण म्हणून हाक मारली. आधी येऊन बघ म्हणून तुम्हीच मारलीत. तेव्हा नोंद अशी: पाणी एकदा नळाचं, गाळलेलं, तीनदा यंत्राचं. तुरटी घातली. एकदा नकळत, तीनदा ती हाक पुन्हा ऐकू यावी म्हणून.